आईच्या थायरॉइडच्या दुसऱ्या ऑपरेशनआधी : पहिल्या रिपोर्टमध्ये 'थायरॉइडच्या आत पॅराथायरॉइड सापडली' लिहिलंय, म्हणजे काय?

खाडीकाठ (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी, इथे आंबा आणि एसटी सोडून कधी काही विचारलं नाही पण आता डोकं चालेनासं झालंय म्हणून लिहितोय. आई ५८ वर्षांची. गळ्याला उजवीकडे गाठ होती, सुईची तपासणी केली तर नक्की काही कळेना म्हणून फेब्रुवारीत थायरॉइडचा उजवा अर्धा भाग काढला. बायोप्सीत पॅपिलरी कॅन्सर आला. आता सोनोग्राफीत डाव्या भागातही एक छोटी गाठ आणि मधल्या भागात डावीकडे एक लिम्फ नोड संशयास्पद दिसतेय, म्हणून परळला नेलं तर त्यांनी उरलेला अर्धा भाग आणि मधल्या नोड्स काढूया म्हणून सांगितलं. इथपर्यंत समजलं.

पण तिथल्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "यांची एक पॅराथायरॉइड थायरॉइडच्या आतच होती, ती गेलेली आहे, त्यामुळे आता उरलेल्या जपायला लागतील, गरज पडली तर काढून परत लावू." मी मान डोलावली. खाली येऊन चहा पिताना लक्षात आलं की आपल्याला यातलं काहीच कळलेलं नाही. काढून परत लावू म्हणजे काय, कलम आहे का ते? आणि भाऊ म्हणतो पहिल्या डॉक्टरने चुकून काढली, त्याला जाब विचारायला पाहिजे. पहिल्या ऑपरेशननंतर आईला काहीच त्रास झाला नव्हता, चौथ्या दिवशी घरी येऊन पेज जेवली. कोणाला अनुभव असेल तर सांगा, तारीख तीन आठवड्यांनी आहे.

---

रानमेवा

देव बरं करेल हो. पॅपिलरी म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य, माझ्या नणंदेचं झालंय, ठणठणीत आहे. तिला कॅल्शियम कमी पडतं म्हणून आम्ही नाचणीची आंबील द्यायचो. तुम्ही आतापासूनच सुरू करा. आणि मासे खातो आपण, त्यामुळे आपल्याकडे कॅल्शियमला काय तोटा.

---

भूलवाली

मी भूल देते, सर्जन नाही. पण थायरॉइडच्या ऑपरेशनला पेशंटच्या डोक्याशी आम्हीच उभे असतो त्यामुळे पडद्यावरून वाकून बघून बघून थोडंफार कळतं. माझं ऐका आणि तरी तुमच्या सर्जनना परत विचारा.

पॅराथायरॉइडला नाव थायरॉइडचं असलं तरी कामाचा काही संबंध नाही, शेजारी एवढंच नातं. थायरॉइडच्या पाठीमागे चिकटून साधारण चार ग्रंथी असतात, दोन वर दोन खाली. दिसायला कशा, तर उकड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या आणि रंगही थोडा तसाच, पिवळट तपकिरी. वजन एकेकीचं ३०-४० मिलिग्रॅम. आजूबाजूला चरबी पण पिवळीच, नोड्स पण तेवढ्याच आकाराच्या, आणि त्यात थोडं रक्त लागलं की सगळं एकसारखं दिसतं. म्हणजे काम किती नाजूक ते बघा. (गंमत म्हणजे या ग्रंथी आधी माणसात सापडल्याच नाहीत. लंडनच्या झूमधला आपला भारतीय गेंडा मेला, त्याची चिरफाड करताना रिचर्ड ओवेनला दिसल्या. माणसातल्या १८८० मध्ये सँडस्ट्रॉम नावाच्या स्वीडनच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याने नीट लिहून काढल्या, तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही.)

आता जागेवर का नसतात. बाळ पोटात असताना गळ्याच्या बाजूला कप्पे असतात. चौथ्या कप्प्यातून ज्या तयार होतात त्या 'वरच्या' होतात आणि तिसऱ्या कप्प्यातल्या 'खालच्या'. उलटं वाटतं ना? कारण तिसऱ्या कप्प्यातल्या ग्रंथी थायमस नावाच्या छातीतल्या ग्रंथीबरोबर खाली प्रवास करतात. थायमस म्हणजे छातीत जाणारी कोकण रेल्वेची गाडी समजा. या बाईंनी थायरॉइडच्या खालच्या टोकाशी, म्हणजे कणकवलीला उतरायचं असतं, पण कधी झोप लागते आणि थेट सावंतवाडीला, म्हणजे छातीत थायमसमध्ये सापडतात. कधी पनवेललाच उतरून बसतात, जबड्याखाली. कधी मानेच्या मोठ्या रक्तवाहिनीच्या वेष्टनात. वरच्या ग्रंथींचा प्रवास कमी, त्यामुळे त्या बऱ्यापैकी शिस्तीत असतात, पण त्याही कधी अन्ननलिकेच्या मागे सरकतात. आणि कधी एखादी थायरॉइड तयार होतानाच तिच्या पोटात गुंडाळली जाते. तुमच्या आईची तशी. हे फार कमी लोकांत असतं पण असतं.

चारच असतात असंही नाही. १९८४ च्या स्वीडनच्या एका अभ्यासात ५०३ शवविच्छेदनं बघितली होती, त्यात ८४ टक्के लोकांत चार, १३ टक्क्यांत चारपेक्षा जास्त आणि ३ टक्क्यांत तीनच सापडल्या. म्हणून सर्जन "चार मोजल्या, झालं" असं म्हणून निश्चिंत होत नाहीत.

यांचं काम रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवणं. रानमेवाताई, राग नका मानू, नाचणी उत्तमच, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं तिच्यात. पण पॅराथायरॉइडचा हार्मोन नसेल तर किडनी कॅल्शियम लघवीतून सोडून देते आणि व्हिटॅमिन डी पण चालू स्वरूपात येत नाही, मग आतड्यातून ओढलंही जात नाही. फुटक्या हंड्यात पाणी भरण्यासारखं. म्हणून या लोकांना साध्या डी बरोबर किंवा त्याच्याऐवजी कॅल्सिट्रिऑल देतात, ते तयार, चालू झालेलं डी असतं, त्याला हार्मोनची वाट बघायला लागत नाही.

"काढून परत लावू" बद्दल. हो, कलमच म्हणा, तुम्ही देवगडचे, तुम्हाला कळेल. पण पहिला नियम असा की शक्यतो हलवायचीच नाही. ग्रंथीला रक्त येतं ते केसासारख्या बारीक वाहिनीतून, बहुतेक वेळा खालच्या थायरॉइड धमनीच्या फांदीतून. म्हणून सर्जन मोठी धमनी मुळाशी बांधत नाहीत, थायरॉइडच्या अगदी अंगाला लागून एकेक फांदी बांधत जातात आणि ग्रंथी तिच्या देठासकट बाजूला सरकवून ठेवतात. खालच्या ग्रंथीसाठी थायमसचा वरचा टोकाचा भाग जपतात, कारण तिथे लपलेली असू शकते. मात्र तुमच्याकडे मधल्या नोड्स काढायच्या आहेत आणि त्या नेमक्या याच शेजारात असतात, म्हणून डॉक्टर आधीच बोलले. ते चांगलं लक्षण समजा.

देठ तुटलाच, ग्रंथी काळी पडली, किंवा काढलेल्या थायरॉइडच्या अंगावर चिकटून बाहेर आली, तर ती फेकायची नाही. तिचा एक कण फ्रोझन सेक्शनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच होणाऱ्या झटपट तपासणीला पाठवतात, कारण कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये तुम्हाला जी पॅराथायरॉइड वाटतेय ती कॅन्सरची नोड निघाली आणि तीच परत मानेत पेरली तर काय होईल विचार करा. खात्री झाली की उरलेला भाग थंड सलाईनमध्ये ठेवून मिलिमीटरभराचे तुकडे करतात आणि मानेच्या बाजूच्या स्नायूत छोटे खिसे करून त्यात ठेवतात, वर एक न विरघळणारा टाका किंवा क्लिप खूण म्हणून. तिथे नव्याने रक्तपुरवठा धरायला काही आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिने. धरतेच असं नाही, पण बऱ्याचदा धरते. कलमासारखंच.

माझे एक जुने सर आहेत, ते थायरॉइड बाहेर आली की ती लॅबला द्यायच्या आधी स्वतः ट्रेमध्ये उलटीपालटी करून पाच मिनिटं बघत बसतात. सिस्टर चिडतात, मी पण पूर्वी चिडायचे. त्या पाच मिनिटांत ग्रंथी परत मिळालेली मी दोनदा बघितली आहे. शंका असेल तर तुकडा सलाईनच्या वाटीत टाकतात, चरबी तरंगते, पॅराथायरॉइड बुडते. साधी युक्ती.

---

काचपट्टी

पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही टेक्निशियन. रिपोर्टची ती ओळ जशी आहे तशी इथे टाकाल का? कारण "थायरॉइडच्या आत, चहूबाजूंनी थायरॉइडच्या पेशी" आणि "बाहेरच्या पापुद्र्याला लागून" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं असेल तर ती वरून दिसणं शक्यच नव्हतं, आम्हाला दिसते कारण आम्ही काप करून काचेवर घेतो. दुसरं असेल तर दिसू शकली असती, तरी रक्तात नेहमी दिसतेच असं नाही.

---

खाडीकाठ

@काचपट्टी लिहिलंय की ५ मिमी आकाराची, थायरॉइडच्या आत पूर्ण वेढलेली, तिच्यात कॅन्सर नाही.

@भूलवाली ताई एवढं लिहिलंत, दोनदा वाचलं, आईलापण वाचून दाखवलं. गाडीचं ऐकून हसली, म्हणाली "म्हणजे माजी ती मुंबैचीच इली नाय." पण अजून एक. भाऊ ऐकत नाही. आणि पहिल्या वेळी त्रास झाला नाही म्हणजे बाकीच्या चांगल्या आहेत असं समजायचं का?

---

काचपट्टी

मग भावाला सांगा की भांडू नको. ५ मिमीची आत गाडलेली ग्रंथी कोणालाही दिसली नसती. उलट ज्याने रिपोर्टमध्ये ती ओळ लिहिली त्याचे आभार माना, ती ओळ नसती तर दुसरा सर्जन चार आहेत असं धरून चालला असता.

---

भूलवाली

हेच लिहायला आले होते. दुसऱ्या प्रश्नाचं: नाही, तसं समजू नका. अर्धीच थायरॉइड काढली तेव्हा डावीकडच्या दोघींना हातच लागला नव्हता, त्या दोघी पुरतात, एक चांगली असली तरी बऱ्याच वेळा भागतं. उजवीकडची उरलेली एक जिवंत आहे का नाही हे त्यावरून कळत नाही. म्हणून पहिल्या ऑपरेशनची नोट मिळवा, डिस्चार्ज कार्ड नाही, ऑपरेशन नोट, त्यात "उजवी वरची पॅराथायरॉइड दिसली, जपली" असं काही आहे का बघा आणि ती परळला द्या. भाऊ जाब विचारायला जाणारच असेल तर त्याला हेच काम सांगा. आणि आत्ताच रक्तातलं कॅल्शियम, पीटीएच (पॅराथायरॉइडचा हार्मोन) आणि व्हिटॅमिन डी करून घ्या. डी कमी असेल तर तीन आठवडे आहेत, भरून काढता येतं. समुद्रकाठी ऊन भरपूर म्हणून डी भरपूर असं नसतं, आपल्या बायका उन्हात असतात कुठे.

---

तुतारीचा डबा

माझा ऑपरेशन २०१९ साली झाला, पुरी थायरॉइड काढली. माका कोणी काय सांगूक नाय. दुसऱ्या दिवशी सोडला आणि मी रात्री दादरसून तुतारी एक्सप्रेसात बसलंय. खेडाच्या आधी ओठ बधिर झाले, बोटांक मुंग्यो इल्यो...

पुढचं सरळ मराठीत लिहितो नाहीतर चिपळूणवाले रागावतील. आधी वाटलं हात झोपला असेल, खिडकीला टेकून बसलो होतो. मग दोन्ही हातांना, मग तोंडाभोवती. चिपळूण येईपर्यंत बोटं अशी आत वळली की पाण्याची बाटली उघडता येईना, समोरच्या काकांनी उघडून पाजलं. बायकोने चिपळूणला उतरवलं, रिक्षा करून दवाखान्यात, तिथे रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरीण होती, तिने गळ्यावरचे टाके बघितले, कानापुढे गालावर बोटाने टिचकी मारली, माझा ओठ आपोआप उडाला, आणि ती म्हणाली कॅल्शियम. हाताच्या शिरेतून हळूहळू सोडलं, छातीला पट्ट्या लावून, दहा-पंधरा मिनिटांत बोटं सुटली. त्या मुलीचं नाव विचारायचं राहिलं.

नंतर कळलं की कॅल्शियम लगेच पडत नाही, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सगळ्यात खाली जातं. म्हणजे आपण घरी येतो तेव्हाच. ज्या ठिकाणी ऑपरेशन झालं त्यांनी सोडताना एक कागद दिला असता तरी चाललं असतं. तेव्हा खाडीकाठ, तुला एकच सांगणं, आईला पाच-सहा दिवस तरी मुंबईतच ठेव, मावशीकडे, डोंबिवलीला, कुठेपण, पण लगेच गाडीत घालू नको. आपल्याकडे गावात रात्री दोन वाजता शिरेतून कॅल्शियम द्यायला कोण आहे? आणि गोळ्या खिशात, बॅगेत नाही, बॅग सीटखाली जाते.

---

निळे पाणी

सगळं ठीक पण तुम्ही लोक जुन्या काळातलं सांगताय. आता इन्फ्रारेड कॅमेरे आलेत, पॅराथायरॉइड आपोआप चमकते त्याच्यात. असा कॅमेरा असलेलंच हॉस्पिटल बघा, पैशाचं बघू नका.

---

भूलवाली

कॅमेरा आहे, खरं आहे. पॅराथायरॉइडवर ७८५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टाकला की ती थायरॉइडपेक्षा जास्त उजळते, कसलंही औषध न टोचता. अमेरिकेत २०१८ मध्ये अशा दोन उपकरणांना परवानगी मिळाली. पण दोन गोष्टी. हा प्रकाश आत फार खोल जात नाही, त्यामुळे खाडीकाठच्या आईची ती आत गाडलेली ग्रंथी कॅमेऱ्यालाही बहुधा दिसली नसती. आणि चमकली म्हणजे जिवंत आहे असं नाही, देठ तुटलेली पण चमकते. रक्त पोचतंय का ते बघायला आयसीजी नावाचा हिरवा रंग शिरेतून देऊन वेगळं बघायला लागतं. मला विचाराल तर कॅमेऱ्यापेक्षा हात बघा, सर्जन वर्षाला अशी किती करतात ते विचारा. अमेरिकेतल्याच २०१७ च्या एका अभ्यासात वर्षाला २५ पेक्षा जास्त संपूर्ण थायरॉइड काढणाऱ्या सर्जनकडे त्रास कमी दिसला होता. परळला त्याहून कितीतरी जास्त होतात. "पैशाचं बघू नका" हे दुसऱ्याला सांगायला सोपं असतं हो.

---

निळे पाणी

बरं. चांगल्या मनाने सांगितलं होतं.

---

रानमेवा

मी नणंदेला विचारलं. ती म्हणते थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, ती सहा महिने एकत्र घेत होती आणि टीएसएच, म्हणजे गोळी लागू पडतेय का ते सांगणारा रक्तातला आकडा, काही केल्या खाली येईना. हे लिहायचं राहिलं होतं कोणाचं.

---

भूलवाली

रानमेवाताई, शाब्बास, हे मीच लिहायला हवं होतं. थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी, कॅल्शियम त्यानंतर निदान चार तासांनी. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणासोबत घ्यायचं, ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, पोटात आम्ल नसेल तर कार्बोनेट नीट लागत नाही, मग सायट्रेट देतात.

---

खाडीकाठ

ऑपरेशन झालं. उशिरा लिहितोय त्याबद्दल माफ करा, नेटवर्क आणि धावपळ.

भाऊ ऑपरेशन नोट घेऊन आला, भांडला नाही (थोडं भांडला). त्यात उजवी वरची ग्रंथी दिसली आणि जपली असं लिहिलेलं होतं. व्हिटॅमिन डी ११ निघालं, म्हणजे कमीच, ताई तुम्ही म्हणालात तसंच, मग तीन आठवडे डोस दिला.

साडेतीन तास लागले. बाहेर आल्यावर सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. डावीकडची वरची जागेवर होती, ती देठासकट राहिली. डावीकडची खालची सापडेचना. शेवटी थायमसच्या टोकात सापडली, नोड्सच्या घोळक्यात, तिचा रंग काळपट झाला होता म्हणून तपासून, तुकडे करून मानेच्या डाव्या स्नायूत लावली. म्हणजे सावंतवाडीपर्यंत नाही पण कुडाळपर्यंत गेली होती. नोड्स पाच काढल्या, दोनमध्ये कॅन्सर आला. आवाज ठीक आहे, पहिले दोन दिवस बसला होता.

दुसऱ्या दिवशी पीटीएच ८ आलं, कॅल्शियम तिसऱ्या दिवशी ७.४, दोन्ही कमीच. ओठाला मुंग्या आल्या तेव्हा आईने स्वतःच सिस्टरला सांगितलं, "त्या तुतारीवाल्यासारखा होताहा." गोळ्या वाढवल्या, शिरेतून द्यायला लागलं नाही. आठ दिवस डोंबिवलीला मावसभावाकडे राहिलो, मग दिवसाच्या मांडवी एक्सप्रेसने आलो, गोळ्या माझ्या खिशात.

काल पाच आठवडे झाले. कॅल्शियम ८.७, पीटीएच २१. लावलेली ग्रंथी धरली की बाकीच्या दोघी जाग्या झाल्या ते इतक्यात सांगता येत नाही म्हणाले, आणि त्याने आत्ता फरकही पडत नाही. कॅल्सिट्रिऑल अर्ध्यावर आणलं आहे, कॅल्शियम दिवसाला तीनच्या दोन. आता किरणोत्सारी आयोडीनच्या डोसचं बघतायत, त्याच्या आधी दोन आठवडे समुद्राचे मासे आणि आयोडीनवालं मीठ बंद म्हणून सांगितलंय आणि घरात त्यावरून आत्तापासूनच रुसवा चालू आहे, कारण बाजारात बांगडा आलाय. नदीचे मासे चालतात का ते कोणाला नक्की माहीत असेल तर सांगा, नाहीतर सोमवारी फोन करून विचारतोच.

---

भूलवाली

गोड्या पाण्यातले चालतात असं साधारण सांगतात, पण मीठ कुठलं लावलंय ते बघा आणि सोमवारी फोन कराच, प्रत्येक ठिकाणची यादी थोडी वेगळी असते. आणि कॅल्शियम कमी करताना मध्येच मुंग्या आल्या तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. आईंना नमस्कार.

---

तुतारीचा डबा

माझी ओळख इतक्या लांब गेली, बरा वाटला. आवशीक सांग, खाडीतला पण विचारून मगेच खा.